पॅरालीगल अभ्यासक्रम ऑनलाइन : अटी काय, आणि हाती काय लागते?

जालना : अंबड, भोकरदन किंवा मंठा, कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसील कार्यालयाबाहेर एक ओळखीचे दृश्य दिसते. पत्र्याच्या सावलीत टेबल मांडून बसलेले अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेते, शेजारी झेरॉक्सचे यंत्र आणि फेरफार, वारस नोंद, शिधापत्रिका किंवा पोटगीचा कागद हातात धरून उभी असलेली माणसे. वकिलीची सनद नाही, पण कायद्याच्या कागदाशी रोजचा संबंध आहे, असा हा वर्ग मराठवाड्याला नवा नाही. अर्जनवीस हा शब्दच फारसी वळणाचा आहे. नवे आहे ते या प्रकारच्या कामाला मिळालेले ‘पॅरालीगल’ हे इंग्रजी नाव आणि त्या नावाने मोबाइलच्या पडद्यावर येणाऱ्या जाहिराती. घरबसल्या अभ्यास, तीन किंवा सहा महिन्यांत प्रमाणपत्र आणि ‘कायद्याच्या क्षेत्रात करिअर’, असा त्यांचा साधारण सूर असतो.

बारावी किंवा पदवी होऊन घरी बसलेल्या, स्पर्धा परीक्षांचे एक-दोन प्रयत्न झालेल्या तरुणांना ही वाट आकर्षक वाटते, यात नवल नाही. असा अभ्यासक्रम करण्यासाठी काय लागते, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही. कारण पॅरालीगल या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मोडतात. पहिली, वकिलांच्या किंवा कंपन्यांच्या कार्यालयातील कायदेविषयक साहाय्यकाचे काम. दुसरी, विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला विधी स्वयंसेवक. आणि तिसरी, वकील होण्याचा जवळचा रस्ता. हा तिसरा अर्थ कोणत्याही कायद्यात नाही. पण जाहिरातींचा निम्मा धंदा त्याच्याच जोरावर चालतो. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

वकिलीचा आडमार्ग नाही

अधिवक्ता अधिनियम १९६१ नुसार न्यायालयात वकिली करण्याचा अधिकार केवळ राज्य वकील परिषदेच्या पटावर नाव नोंदवलेल्या व्यक्तीला आहे. एखाद्या प्रकरणापुरती अन्य व्यक्तीला बाजू मांडू देण्याची मुभा न्यायालयाला असते, परंतु ती त्या प्रकरणापुरतीच. सनद नसताना वकिली करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद याच कायद्याच्या ४५ व्या कलमात आहे. सनदेसाठी कायद्याची पदवी लागते आणि ती पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळत नाही. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार प्रत्येक विषयाच्या तासांना ७० टक्के हजेरी सक्तीची आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, हे दोनच मार्ग आहेत. त्यांच्या प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागास वर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण आवश्यक असतात. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

पॅरालीगलची पदविका घेतल्याने यातील एक दिवसही कमी होत नाही. पदविकेनंतर विधी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश, अशी तोंडी ग्वाही कोणी देत असेल तर ती लेखी मागावी. बहुधा संभाषण तेथेच संपते.

न्यायालयातील नोकरीबाबतही असाच समज आढळतो. राज्यातील जिल्हा न्यायालयांत कनिष्ठ लिपिक होण्यासाठी पदवी, मराठी व इंग्रजी टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र आणि संगणक ज्ञानाचे प्रमाणपत्र मागितले जाते. मराठीची गती मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीची ४० शब्द अशी असते. पॅरालीगल पदविकेचा या अटींत समावेश नाही. ज्याला जालन्याच्या न्यायालयात लिपिक व्हायचे आहे, त्याने टंकलेखनाच्या वर्गाला पैसे भरणे अधिक शहाणपणाचे.

घरबसल्या शिकायचे तर

आता खऱ्या अभ्यासक्रमांकडे वळता येईल. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिसमधील पदविका हा या विषयातील देशपातळीवरचा सर्वांत परिचित अभ्यासक्रम. त्याला बारावी किंवा समकक्ष पात्रता लागते. बारावी नसलेल्यांसाठी विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाची वाट आहे. किमान कालावधी एक वर्षाचा. भारतीय विधी व्यवस्थेची ओळख, कायद्याची मूलतत्त्वे, दुर्बल घटक आणि कायदा, ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्था असे विषय त्यात असून त्यांना प्रात्यक्षिक कामाची जोड आहे. विषयांच्या नावांवरूनच लक्षात येईल की हा अभ्यासक्रम महानगरातील कंपनी कार्यालयापेक्षा तालुक्याच्या गावाचा विचार करून आखलेला आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ‘ऑनलाइन’ आणि ‘दूरस्थ’ हे शब्द बोलण्यात एकच झाले असले तरी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लेखी ते वेगळे आहेत. वरील पदविका दूरस्थ प्रकारची आहे. म्हणजे अर्ज, शुल्क आणि बरेचसे अभ्याससाहित्य संगणकावर मिळते. स्वाध्याय मात्र लिहून द्यावे लागतात आणि परीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. सगळे काही घरातूनच होईल, या समजुतीने प्रवेश घेणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा परीक्षेच्या वेळी सुरू होते. परतूर किंवा जाफराबाद तालुक्यातील विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच आपले परीक्षा केंद्र कोठे पडू शकते, हे पाहून ठेवणे इष्ट. परीक्षेच्या दिवसांत पहाटेची बस पकडायची की मुक्काम करायचा, हाही शुल्काइतकाच खर्चाचा प्रश्न आहे. शिवाय प्रत्येक सत्रात विद्यापीठ प्रवेश खुले असलेल्या अभ्यासक्रमांची यादी जाहीर करते. त्या यादीत अभ्यासक्रमाचे नाव असल्याची खात्री करूनच पैसे भरावेत.

कागदपत्रांची यादी फारशी मोठी नाही. बारावीचे गुणपत्रक, ओळखीचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी, आवश्यक तेथे जातीचा दाखला, स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल. यातील ‘स्वतःचा’ हा शब्द महत्त्वाचा. सायबर कॅफेचालकाच्या क्रमांकावर नोंदणी झाली, तर पुढे परवलीचा शब्द, प्रवेशपत्र आणि निकाल या सगळ्यांसाठी त्याच्याकडेच खेटे घालावे लागतात. विवाहित महिलांच्या बाबतीत शाळेच्या कागदावर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव, ही तफावत नेहमीची. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत आधीच काढून ठेवल्यास अर्ज अडत नाही.

केवळ विषयाची ओळख करून घ्यायची असेल, तर केंद्र सरकारचे २०१७ मध्ये सुरू झालेले ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आहे. तेथे कायद्याशी संबंधित अनेक अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. शुल्क भरून दुसरीकडे प्रवेश घेण्यापूर्वी महिनाभर हे करून पाहावे. कलमे आणि निवाडे वाचण्यात आपले मन रमते की नाही, याचा अंदाज फुकटात येतो.

खासगी संस्थांचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांनाच आहे, पण ‘प्रमाणपत्र’ कोणीही देऊ शकते. त्यामुळे एखाद्या संस्थेने सहा आठवड्यांचे पॅरालीगल प्रमाणपत्र दिले तर ते बेकायदा ठरत नाही. त्याला शासनमान्यता असते असेही नाही. त्याची किंमत नोकरी देणारा ठरवील तेवढीच. अडचण येते ती ‘अमुक विद्यापीठाचे अधिकृत केंद्र’ अशी पाटी लावून शुल्क गोळा करणाऱ्यांमुळे. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार विद्यापीठांना दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीच्या पद्धतीने चालवण्यास मनाई आहे. कोणत्या विद्यापीठाला कोणता दूरस्थ वा ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्यास मंजुरी आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जाते की मध्यस्थाच्या, एवढे पाहिले तरी बरेचसे कळते.

काही परदेशी संस्थांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही येथून करता येतात. पॅरालीगल हा स्वतंत्र पेशा म्हणून वाढला तो प्रामुख्याने अमेरिकेत आणि तेथील अमेरिकन बार असोसिएशन अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. परंतु त्यात शिकवला जातो तो अमेरिकी कायदा. परदेशी कंपन्यांची कायदेविषयक कामे करणाऱ्या मुंबई-पुण्याकडील आस्थापनांत त्याचा थोडाफार उपयोग होईलही. तेथे बहुधा कायद्याच्या पदवीधरांनाच पसंती मिळते आणि इंग्रजी उत्तम लागते. घनसावंगीच्या वहिवाटीच्या वादात त्याचा उपयोग शून्य.

पुस्तक जुने की नवे?

अभ्यासक्रम चांगला की वाईट, हे ओळखण्याची एक सोपी खूण सध्या उपलब्ध आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भारतीय पुरावा अधिनियम यांची जागा अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली. त्यापाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. ज्या संस्थेच्या साहित्यात आजही फसवणुकीसाठी केवळ ‘कलम ४२०’ शिकवले जाते, तिने पुस्तक बदललेले नाही, असे समजावे. अर्थात नव्या कायद्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली चालतात, त्यामुळे चांगल्या अभ्यासक्रमात दोन्ही कलमे शेजारी-शेजारी असायला हवीत. शुल्क भरण्यापूर्वी नमुना धडा मागण्यात गैर काही नाही.

दुसरी खूण भाषेची. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका पातळीवरील न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ मध्ये मराठी अधिसूचित झाली. प्रत्यक्ष कामात वादी, प्रतिवादी, कैफियत, दरखास्त, मनाई हुकूम, रोजनामा, नक्कल हे शब्द क्षणोक्षणी येतात. महसुली कागदांत सातबारा, आठ-अ, फेरफार, पोटहिस्सा, गट नंबर यांची भर पडते. मुक्त विद्यापीठाची पदविका इंग्रजी आणि हिंदी माध्यमातून आहे. खासगी अभ्यासक्रम तर बहुतेक इंग्रजीतच असतात. परिणामी पदविकाधारकाला ‘रिटन स्टेटमेंट’ म्हणजे काय हे सांगता येते, पण कैफियत हाती दिली की तो गोंधळतो. ही उणीव अभ्यासक्रम भरून काढत नाही. ती एखाद्या वकिलाच्या कार्यालयात वर्ष-सहा महिने बसूनच भरून निघते. वकिलांचे जुने कारकून तारखा, नकला आणि कोर्ट फीचे तिकीट यांत इतके तरबेज असतात, ते याच शिक्षणामुळे. त्यांना पॅरालीगल कोणी म्हटले नाही, इतकेच. ई-फायलिंग आल्यापासून या कार्यालयांना संगणकावर मराठी टंकलेखन करणारा, दस्तऐवज स्कॅन करून नीट क्रमाने जोडणारा माणूस हवा असतो. पदविकेबरोबर हे येत असेल तर जालन्यासारख्या ठिकाणी काम मिळण्याची शक्यता वाढते. सळईचे कारखाने आणि बियाणे कंपन्या यांच्या कार्यालयांतही करार, कामगार कायद्याची विवरणपत्रे आणि ग्राहक तक्रारी सांभाळणारी माणसे लागतात.

शुल्क नसलेली वाट

पॅरालीगल या शब्दाचा दुसरा अर्थ सर्वांत कमी जाहिरात होणारा आणि या जिल्ह्याच्या सर्वाधिक उपयोगाचा आहे. गरिबांना न्याय नाकारला जाऊ नये यासाठी विनामूल्य विधी साहाय्य देण्याची जबाबदारी राज्यघटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने १९७६ मध्ये राज्यसंस्थेवर टाकली. महिला कैद्यांच्या कोठडीतील स्थितीबाबत एका पत्रकाराने लिहिलेल्या पत्रावरून उभे राहिलेले ‘शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे १९८३ चे प्रकरण याच मार्गावरचा महत्त्वाचा टप्पा. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. तरी वकील मोफत मिळतो हेच ज्याला ठाऊक नाही, तो मागणार तरी कसा? या अडचणीवर उपाय म्हणून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली.

तिच्या अटी वाचल्या की जाहिरातींचा गलबला दूर सारल्यासारखे वाटते. उमेदवार साक्षर असावा, शक्यतो दहावी उत्तीर्ण असावा आणि विषय समजून घेण्याची कुवत असावी. पदविका लागत नाही. शुल्क नाही. शिक्षक, निवृत्त शासकीय कर्मचारी, अंगणवाडी सेविका, समाजकार्याचे आणि कायद्याचे विद्यार्थी, बचत गटांच्या सदस्या, बिगर राजकीय सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते यांची निवड करता येते. दीर्घ शिक्षा भोगणारे, चांगल्या वर्तणुकीचे सुशिक्षित कैदीही कारागृहात हे काम करू शकतात. निवड जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करते आणि प्रशिक्षणही तेच देते. राजकीय पक्षात सक्रिय असणारी किंवा आपल्या पदाचा गैरवापर करणारी व्यक्ती स्वयंसेवक राहू शकत नाही. गरजूकडून पैसे घेण्यास तर सक्त मनाई आहे.

मात्र ही नोकरी नव्हे. कामावर नेमलेल्या दिवसांपुरते मानधन मिळते आणि ते उपजीविकेचे साधन समजू नये, असा योजनेचाच आशय आहे. घर चालवण्यासाठी पगार हवा असलेल्या तरुणाला ही बाब आधीच ठाऊक असावी. पण ज्याला पुढे कायदाच शिकायचा आहे किंवा गावात राहून काही करायचे आहे, त्याच्यासाठी न्यायालय, पोलिस ठाणे आणि तहसील आतून पाहण्याची यासारखी दुसरी संधी नाही. कोणत्याही ऑनलाइन वर्गात ती मिळणार नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार १९ लाख ५९ हजार लोकसंख्येच्या या जिल्ह्यात अशा माणसांना काम किती आहे, हे सांगण्यासाठी फार दूर जायला नको. दिवाळीनंतर उसाच्या पट्ट्यात जाणारी कुटुंबे उचल घेऊन निघतात. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, कोयत्याला त्याची प्रत मिळत नाही आणि वाद झाला की पुरावा नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातील साधारण तीनपैकी एका महिलेचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे दिसले. बालविवाहाची तक्रार १०९८ या क्रमांकावर करता येते आणि गावात ग्रामसेवकाकडे त्याबाबतची जबाबदारी असते, हे सांगणारे माणूस मांडव पडण्यापूर्वी लागते. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथील २०२३ च्या आंदोलनानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरसंबंधीचा शासन निर्णय निघाला आणि घरोघरी वंशावळ, शपथपत्रे, मोडी व उर्दूतील जुने कागद बाहेर आले. त्या मागणीविषयी मतभेद असतील. पण शपथपत्रावर सही करण्यापूर्वी त्यात काय लिहिले आहे हे वाचून दाखवणारा माणूस सर्वांनाच हवा होता.

हरवलेल्या मुलांच्या प्रश्नावर ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोलिस ठाण्यांत विधी स्वयंसेवक उपस्थित राहावेत, असे निर्देश दिले होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-लॉ’ योजनेतही गावातील माणसाला सामाईक सुविधा केंद्रापर्यंत आणून दूरध्वनी किंवा दृक्-श्राव्य माध्यमातून वकिलाशी जोडून देण्यात या स्वयंसेवकांना भूमिका देण्यात आली. स्वयंसेवक सल्ला देत नाही, दावा लिहीत नाही, न्यायालयात उभा राहत नाही. तो अर्ज भरून देतो आणि योग्य दारापर्यंत नेतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणारे, अशा सर्वांना मोफत वकील मिळू शकतो, एवढे एक वाक्य वेळेवर सांगणे हेही त्याचे काम. महिलांना उत्पन्नाची मर्यादा नाही, ही गोष्ट तर अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसते.

विधी स्वयंसेवकांच्या निवडीची सूचना जिल्हा न्यायालयाच्या सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर येते. त्यासाठी जालना येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात चौकशी करता येते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांकही उपलब्ध आहे. पदविका आणि स्वयंसेवकाचे काम बरोबरीने करण्यास कोणतीही आडकाठी नाही. उलट पदविकेतील प्रात्यक्षिकाला त्यातून आपसूक विषय मिळतात. विधी महाविद्यालयात शिकणाऱ्यांनाही हे काम करता येते. फक्त वकील म्हणून सनद मिळाली की त्या दिवसापासून त्यांना स्वयंसेवक राहता येत नाही आणि ओळखपत्र प्राधिकरणाकडे परत करावे लागते.